रोपांच्या ट्रेवर दरवर्षी काहीतरी येतंच : पांढरं, हिरवं, नाहीतर उडणारं

मे महिन्यातलं परभणीचं ऊन काय असतंय ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. ४३-४४ डिग्रीला गच्चीवर टोमॅटोचं बी टाकलं तर उगवायच्या आधी भाजूनच निघतंय, वरून खारी आणि चिमण्यांचा त्रास वेगळा. म्हणून आमच्याकडं मिरगाच्या आधीची सगळी रोपं घरात होतात, बैठकीच्या पूर्वेकडच्या खिडकीत, एका जुन्या लोखंडी मांडणीवर. टोमॅटो, मिरची, वांगी, आणि दोडक्या-कारल्याचे चार-पाच कप. सहा वर्षं झाली हे करायला आणि सहाही वर्षं मातीच्या वरच्या अंगाला काही ना काही निघालंच. कधी पांढरी लव, कधी हिरवं गिळगिळीत, कधी फरशीसारखा कडक पापुद्रा, आणि एका वर्षी तर चहाच्या कपात चिलटं पडायली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून मला नोटीसच दिली.

कुणाला विचारलं तर उत्तरं ठरलेली. एक म्हणतो हळद टाका, दुसरी म्हणते दालचिनी, तिसरा बुरशीनाशकाचं नाव सांगून मोकळा. वर आलेलं ते नक्की काय आहे हे कुणी विचारतच नाही. आणि मला लई उशिरा कळलेली गोष्ट म्हणजे यातला एक उपाय केला की तोच पुढचा आजार घेऊन येतोय. पापुद्रा घालवला तर बुरशी आली, बुरशी आणि शेवाळ घालवलं तर क्षार वर आले. म्हणून माझ्याकडं जे ज्या क्रमानं आलं त्याच क्रमानं लिहायलेय, तुमचं जिथं अडलंय तिथून वाचा.

वर कडक थर धरतोय, बी उगवेना

पहिल्या वर्षी शेतातल्या आखाड्यावरून काळ्या मातीचं एक पोतं आणलं. ज्या मातीत कापूस, तूर, सोयाबीन येतंय तिच्यात चार वांग्याची रोपं येणार नाहीत का, असा माझा हिशोब. थोडं शेणखत मिसळलं, ९८ कप्प्यांचे ट्रे भरले, बी टाकलं आणि मगानं पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी वर चकचकीत थर, पाचव्या दिवशी त्याला भेगा, आणि प्रत्येक कप्प्यात एकेक छोटी शहाबादी फरशी बसवल्यासारखं झालं. टोमॅटो थोडे उगवले तेही ती फरशी टोपीसारखी डोक्यावर घेऊन. मिरची तर आलीच नाही, नंतर उकरून बघितलं तर कोंब आतल्या आत वळून पिवळे पडलेले.

काळ्या मातीतली चिकणमाती लई बारीक असतीय. वरून जोरात पाणी पडलं की बारीक ढेकळं विरघळतात, पाणी मुरल्यावर तेच कण एकावर एक बसतात आणि वाळले की खपली होते. वावरात पेरणीनंतर दणका पाऊस पडून लगेच कडक ऊन पडलं की सोयाबीनचं हेच होतंय. माझ्या माहेरी अजून एक खण माळवदाचा, म्हणजे मातीच्या छताचा आहे, लहानपणी मिरगाच्या आधी त्याच्यावर पांढरी माती पसरायचो, कशासाठी तर पहिल्या पावसात ती दबून बसावी आणि पाणी खाली उतरू नये. ती माती वेगळी, ही वेगळी, पण काम तेच. पाणी आणि हवा आत जाऊ नये म्हणून छतावर जे मुद्दाम करतात तेच मी बियाच्या डोक्यावर करून ठेवलं होतं. त्यात काळी माती वाळली की आकसते आणि कप्प्याच्या भिंतीपासून सुटते, मग पाणी घातलं की ते कडेकडेनं खाली पळतंय, ट्रेखाली थारोळं आणि मधलं बी कोरडं.

आत्ता तुमच्याकडं असा पापुद्रा धरलेला असेल तर एक करू नका, नखानं उचलू नका. मी उचलला होता, त्यासोबत रोपाची मान तुटून आली. स्प्रेनं बारीक फवारा मारा, वरून ओलं सुती फडकं तास-दोन तास टाकून ठेवा, थर मऊ झाला की कोंब आपण होऊन वर येतात. फडकं काढायला विसरू नका, रात्रभर राहिलं की वेगळंच लफडं होतंय. आणि पुढच्या वेळी बी झाकायला माती वापरायचीच नाही, चाळलेलं गांडूळखत नाहीतर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा वापरायचा. टोमॅटो, मिरची, वांग्याच्या बीवर अर्धा सेंटीमीटर, फार तर पाऊण. दोडकं, कारलं, भोपळा यांना दीड-दोन सेंटीमीटर चालतंय, त्यांच्या कोंबात जोर असतोय. मूठभर वाळू मिसळून काळी माती सुधरते असं सांगणारे भेटतील, सुधरत नाही. ट्रेमध्ये वावरातली माती नकोच, मोठ्या कुंडीत घ्या पाहिजे तेवढी.

वरून कोरडं दिसतंय, पण खाली चिखल

तर दुसऱ्या वर्षी कोकोपीट आणलं. साडेसहाशे ग्रॅमची वीट भिजवली की घमेलं भरून होते. पॅकेटवर धुतलेलं आहे असं लिहिलेलं असलं तरी मी एकदा तरी धुतेच, कारण नारळाच्या काथ्याच्या भुश्यात मूळचे क्षार असतात, तीन पाण्यांतून काढलं की पाण्याचा चहासारखा रंग फिका होतोय. इथं मराठवाड्यातल्या माणसाचा जीव खालीवर होणार. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा माझी बहीण तिथंच राहत होती, तिच्यासमोर मी तीन बादल्या पाणी विटेवर ओतलं असतं तर तिनं मला घराबाहेर काढलं असतं. म्हणून ते पाणी मी बाथरूमला वापरते, झाडाला मात्र नाही, तेच तर क्षार काढायला धुतलंय.

कोकोपीटची खोड अशी की वरचा थर वाळून फिका तपकिरी होतोय आणि खाली दोन बोटांवर गच्च ओलं असतंय. आपण वरून बघतो, वाळलं म्हणतो, पुन्हा पाणी. दिवसातून दोनदा पाणी घालून मी तो ट्रे अक्षरशः कुजवला. आता मी रंग बघतच नाही, ट्रे उचलून बघते. भिजवल्यावर एकदा हातात धरून वजन ध्यानात ठेवा, मग रोज सकाळी उचला, निम्मा हलका वाटला की पाणी. चार दिवसांत हाताला बरोबर कळायला लागतंय. आत्याबाईंना हे सांगितलं तर म्हणल्या, "वाफसा बघायचा म्हण की, त्यात नवीन काय हाय." बरोबरच आहे, वावरात वाफसा आल्याशिवाय, म्हणजे चिखल जाऊन बेताची ओल राहिल्याशिवाय औत घालत नाही आणि घरात मात्र सकाळ-संध्याकाळ मग घेऊन उभं.

पांढरं आलंय, पण कोणतं पांढरं

त्या गच्च ट्रेवर चौथ्या-पाचव्या दिवशी कापसासारखी पांढरी लव आली. मी घाबरून हळद मारली, मग हळदीवर पण लव आली.

घटस्थापनेला आपण पत्रावळीवर काळी माती घेऊन धान्य पेरतो ना, मध्ये पाण्यानं भरलेला मातीचा घट असतोय, त्याच्या अंगातून पाणी झिरपून माती ओली राहते. देवघराच्या कोपऱ्यात हवा नाही, उजेड नाही, वरून फुलं आणि माळा, रोज थोडं पाणी. चौथ्या-पाचव्या माळेला बघा, दाण्यांच्या मध्ये पांढरी जाळी दिसते कित्येक घरी. तरी धान वाढतंयच, उजेड नसल्यानं पिवळं, पण हातभर वाढतंय. ट्रेवरची पांढरी लव बहुतेक वेळा हीच. ती अर्धवट कुजलेल्या शेणखतावर, गांडूळखतावर, पालापाचोळ्याच्या तुकड्यांवर जगते, जिवंत रोपाला धरत नाही. निंबोळी पेंड वर टाकली असेल तर दोन-तीन दिवसांत हमखास येणार, पेंड म्हणजे तिला मेजवानीच. ती आली म्हणजे हवा कमी आणि ओल जास्त एवढा निरोप घ्यायचा. ट्रेवर प्लॅस्टिक झाकलं असेल तर निम्मं बी उगवलं की काढून टाका, काट्याच्या चमच्यानं वरचा थर हलकेच खाजवा, छतावरचा पंखा एकवर ठेवा, दोन दिवस पाणी बंद. जाते. दालचिनीची पूड थोडंफार काम करते, मी टाकून बघितलीय, पण पाणी कमी न करता नुसती दालचिनी म्हणजे ताप आलेला असताना नुसतं उदबत्ती लावणं.

दुसरं पांढरं म्हणजे चक्क मुळाचे केस. बी वरच राहून गेलं असेल तर त्यातून निघालेल्या मुळाभोवती मखमलीसारखी पांढरी लव दिसते आणि माणूस बुरशी समजून ते बी फेकून देतोय. मी मुळ्याचं आणि कोबीचं बी टिश्यू पेपरवर मोड आणायला ठेवलं होतं तेव्हा असंच अर्धं फेकलं. ओळखायचं सोपं आहे, लव फक्त मुळाला चिकटून सगळीकडून सारखी असेल, आजूबाजूच्या कागदावर किंवा मातीवर पसरलेली नसेल, आणि पाण्याचा फवारा मारला की मुळाला चिकटून दिसेनाशी होत असेल तर ते केस आहेत. बुरशीची जाळी एका दाण्यावरून दुसऱ्यावर कोळ्यासारखी जाते.

तिसरं पांढरं म्हणजे क्षार, त्याचं पुढं सांगते, ते मीच ओढवून घेतलं होतं.

रोप बुडाशी बारीक होऊन आडवं पडतंय

इथं मात्र थांबून वाचा, कारण वरची सगळी सोंगं एकीकडं आणि हे एकीकडं. रात्री झोपताना टोमॅटो सरळ उभे, सकाळी पाच-सहा रोपं कुणीतरी विळ्यानं कापल्यासारखी आडवी. पानं अजून हिरवीगार. जवळून बघितलं तर मातीच्या अगदी लगत देठ पाणचट, काळपट आणि दोऱ्यासारखा बारीक झालेला. याला रोपं कोलमडणं म्हणतात, मर पण म्हणतात. पिथियम, फायटोप्थोरा, रायझोक्टोनिया या बुरश्यांचं हे काम, आणि यांची लव वर दिसेलच असं काही नाही. म्हणजे बघा, जी डोळ्याला दिसते ती निरुपद्रवी आणि जी मारते ती बऱ्याच वेळा दिसतच नाही.

आडवं पडलेलं रोप वाचत नाही. मी माती लावून उभी केली, काडीचा टेकू दिला, दोन दिवसांत गेली. ते रोप, त्याचा कप्पा आणि शेजारचे रिकामे कप्पे सगळं मिडियासकट, म्हणजे आतल्या कोकोपीट-खतासकट उचलून बाहेर टाकायचं, कुंडीत नाही, खताच्या खड्ड्यात पण नाही. एका जागेवरून गोल पसरत जातंय, म्हणून उशीर करू नका. उरलेल्यांचं पाणी लगेच थांबवा, ट्रे वाऱ्यावर आणा. त्यानंतर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात बुडाशी थोडं थोडं ओतून मी एकदा अर्धा ट्रे वाचवलाय. हे करायचं तर ट्रे बाहेर अंगणात नेऊन, हातमोजे घालून, लेकरं लांब ठेवून, बैठकीत बसून नाही.

पण खरं काम आधीचं आहे. जुने ट्रे मी आता साबणानं घासून एक दिवस कडक उन्हात पालथे टाकते. मिडियाला उकळतं पाणी टाकून भिजवते, वीट फुगायचं काम आणि बऱ्याच बुरशीचा निकाल एकदमच लागतोय. मिडिया ओला करून कुकरला वाफ द्यायचा बेत पण होता, पण कुकर कुणाचा हा प्रश्न घरात फार पेटला आणि तो विषय मी सोडला. आपल्याकडं एप्रिल-मेचं ऊन फुकट आहे तर ते वापरा की, कुंडीची माती ओलसर करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली पातळ पसरून कडा दाबून चार ते सहा आठवडे गच्चीवर ठेवायची, रोपवाटिकेचे गादीवाफे असेच तापवतात.

मग ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी. चमचाभर गांडूळखताच्या पाण्यात चिमूटभर कालवून बी त्यात घोळवायचं, सावलीत वाळवायचं आणि टोकायचं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स मिळतंय त्यातही ट्रायकोडर्मासारख्या उपयोगी बुरश्या आणि जिवाणू असतात, ते मिळालं तर उत्तम. फक्त हे आणि तांब्याचं औषध एकाच वेळी द्यायचं नाही, एकानं पेरायचं आणि दुसऱ्यानं मारायचं असं होतंय. आणि उकळत्या पाण्यानं मिडिया भिजवणार असाल तर ट्रायकोडर्मा पूर्ण गार झाल्यावर, हे सांगायची गरज नाही असं मला वाटत होतं पण आमच्या घरातच ते आधी मिसळून झालं होतं. पाकिटातलं बी गुलाबी-लाल रंगाचं असेल तर त्याला कंपनीनंच औषध चोळलेलं असतंय, ते नुसत्या हातानं धरू नका.

दाट पेरणी पण याचं एक कारण. एका कप्प्यात एक बी, फार तर दोन. बी स्वस्त आहे म्हणून चिमटीनं टाकलं की रोपं एकमेकांच्या मानेवर मान टाकून उभी राहतात, मध्ये वारा शिरत नाही, बुडाची ओल वाळत नाही.

हिरवं शेवाळ आणि त्याच्या मागोमाग चिलटं

चौथ्या वर्षी खिडकीतला उजेड कमी पडतोय म्हणून वर एलईडीची पट्टी लावली, रोपं ठेंगणी आणि जाड झाली, छान वाटलं. पण उजेड, ओल आणि खत तिन्ही एकत्र आलं की शेवाळ येणारच. त्यात मी पहिल्या दोन पानांवरच विद्राव्य खताचं पाणी द्यायला लागले होते, बीमध्ये तेवढी शिदोरी असतीय, त्या दोन पानांनंतरची खरी पानं दिसेपर्यंत खत लागतच नाही. शेवाळानं रोप मरत नाही, पण त्याचा थर वाळला की चामड्यासारखा होतोय आणि पाणी वरून घरंगळतंय, म्हणजे पुन्हा पहिल्या वर्षीचा पापुद्रा, फक्त हिरवा. चमच्यानं वरचा थर काढायचा, त्या जागी चाळलेली धुतलेली जाड वाळू तीन-चार मिलिमीटर टाकायची. नदीची बारीक रेती नाही, बांधकामाची जाड. ती लवकर वाळते म्हणून शेवाळाला बूड मिळत नाही.

चिलटं याच ओलीवर येतात. केळीवर बसणारी वेगळी, ही काळसर, लांब पायांची, ट्रेला हात लावला की मातीवरून तुरुतुरु पळतात आणि मग उडतात. उडणारी काही करत नाहीत, त्यांच्या अळ्या वरच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये बुरशी आणि शेवाळ खातात आणि ते संपलं की कोवळी मुळं. खात्री करायची असेल तर बटाट्याची चकती मातीवर ठेवा, दोन-तीन दिवसांनी उलटी करून बघा, काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या चिकटलेल्या दिसतील. पिवळे चिकट सापळे लावले की उडणारी अडकतात आणि किती आहेत त्याचा अंदाज येतोय, पण खाली अळ्या तशाच. अंड्यापासून चिलटापर्यंत तीन-चार आठवड्यांचा फेरा असतोय, म्हणून एका आठवड्यात गेली असं समजून ढिलं सोडलं की पुन्हा पहिल्यापासून. डासांच्या अळ्यांसाठी बीटीआय नावाचं जिवाणूचं औषध मिळतंय, ते पाण्यातून दिलं की यांच्या अळ्यांवर पण चालतंय. पण वरचे दोन सेंटीमीटर खडखडीत वाळू दिले तर निम्मं काम फुकटात होतंय.

कूलरचा पण एक मुद्दा राहिला. उन्हाळ्यात बैठकीत कूलर चालू असतोय आणि त्याची सगळी दमट हवा मांडणीवर जाते. आपल्याला बरं वाटतंय, बुरशीला त्याहून बरं. कूलरच्या झोताच्या बाजूला ट्रे ठेवा, समोर नाही.

खालून पाणी दिलं आणि क्षार वर आले

आता वरचा थर कोरडा ठेवायचा म्हणल्यावर मी सगळं पाणी खालून द्यायला लागले. मोठ्या ताटात पाणी, त्यात ट्रे वीस मिनिटं, वरची माती जरा ओलसर दिसली की उचलून निथळायला. शेवाळ गेलं, चिलटं गेली, रोपं पडायची थांबली. मी सगळ्यांना छाती ठोकून सांगत सुटले की खालून पाणी द्या, सगळे रोग बंद. दीड महिन्यात मिरचीच्या कपांच्या काठावर पांढरट-पिवळट खडबडीत कड आली, पानांच्या टोकांना करपा, आणि मी पुन्हा बुरशी समजून फवारायला निघाले.

तो क्षार होता. बोट फिरवलं तर लव दबते, क्षार कुरकुरतो आणि तुकडे पडतात. त्याच्यावर लिंबाचे दोन थेंब टाका, चुन्याचा असेल तर बारीक फेस येतोय. आपल्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याच्या आत जो पांढरा थर बसतोय तोच हा. पाणी खालून वर चढतंय, वरून वाफ होऊन जातंय, क्षार कुठं जाणार, वरच राहणार. वरून पाणी दिलं की ते निदान धुऊन खाली जातात, खालून दिलं की जायला वाटच नाही. म्हणजे माझ्या रामबाण उपायाचंच हे पिल्लू.

त्यात माझं आणखी एक शहाणपण होतं. आरओच्या मशीनमधून जे फेकायचं पाणी निघतंय ते बादलीत धरून मी रोपांना द्यायचे, वाया कशाला घालवायचं म्हणून. आरओ दुरुस्तीवाला आला तेव्हा त्याच्या मीटरवर पाण्यातले क्षार (टीडीएस, लिटरला मिलिग्रॅममध्ये) मोजून घेतले, बोअरचं पाणी ११००, मशीनमधून गाळलेलं ७०, आणि फेकायचं १६०० च्या वर. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं मानतात, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, आणि मी आठ दिवसांच्या मिरचीला १६०० वालं पाजत होते. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी तर त्याहून वाईट, पाणी उडून जातंय आणि क्षार टाकीत राहतात, आमचे हे ते मोठ्या प्रेमानं कुंड्यांना घालायचे. मोठ्या झाडाला एखाद्या वेळी चालेल, नारळाला चालेल, रोपाला नाही. ते पाणी फरशी पुसायला ठेवा.

क्षार आलेच असतील तर वरचा अर्धा सेंटीमीटर थर खरवडून काढा आणि तिथं नवीन कोकोपीट टाका. मग कपाच्या दुप्पट पाणी वरून हळूहळू, झारीनं किंवा झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीनं, खालून निथळून जाऊ द्या, आणि ते निथळलेलं पाणी ताटात ठेवू नका नाहीतर ते पुन्हा शोषून घेतंय. आता मी खालूनच पाणी देते, पण दहा-बारा दिवसांनी एकदा असं वरून धुणं करते, तेही सकाळी, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरचा थर वाळतोय. रोपांपुरतं पाणी कितीसं लागतंय, चार ट्रेला दिवसाआड तीन-चार लिटर, तेवढ्यासाठी अर्धं गाळलेलं आणि अर्धं बोअरचं मिसळते. पहिल्या पावसाचं पाणी पत्र्याची धूळ धुऊन गेल्यावर दोन ड्रम भरून ठेवलं की जुलै-ऑगस्टच्या कोबी-फुलकोबीच्या रोपांचं काम होतंय, त्याच्याइतकं चांगलं पाणी आपल्याला कुठलंच मिळत नाही.

बी टाकलंय पण जागेवर बीच नाही

हे मातीच्या वरचंच दुखणं, म्हणून लिहिते. दोन वर्षं मी राजगिरा आणि टोमॅटो उगवत नाहीत म्हणून बियाण्याला नावं ठेवली, मग एका रात्री अकराला पाणी प्यायला उठले तर मांडणीच्या पायावरून मुंग्यांची रांग आणि प्रत्येकीच्या तोंडात एकेक राजगिरा. बी वरवर टाकून नुसतं भुरभुरून झाकलं की मुंग्यांना सांडलेलं धान्यच वाटतंय. खडूची रेघ एक दिवस चालते, हळदीची तेवढीपण नाही. आत्याबाईंच्या जाळीच्या कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या, दूध-तुपाला मुंग्या लागू नयेत म्हणून, तेच मांडणीला केलं. मांडणी भिंतीपासून चार बोटं लांब, पडद्याचं टोक कुठं टेकत नाही ना ते बघून, आणि वाट्यांतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायचं, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात. यंदा एका वाटीतलं पाणी वाळून गेलेलं ध्यानातच आलं नाही आणि त्या एका पायावरून वरच्या ट्रेचे दोन ओळी कप्पे रिकामे झाले, ते काल पुन्हा टोकलेत.